स्टँड गावाबाहेर कशासाठी?

नागपूरच्या धरमपेठेत गेली काही वर्षं एक मत फार सहज बोललं जातं. ट्रॅफिक पार्कच्या बाकांवर ते ऐकू येतं, गोकुळपेठेच्या बाजारात ऐकू येतं, लक्ष्मीभुवन चौकात चहा पिताना ऐकू येतं. गणेशपेठचा एसटी स्टँड आणि मोर भवनचा बस स्टँड, दोन्ही शहराबाहेर न्या. रिंगरोडच्या पलीकडे मोकळी जागा आहे, तिथे विमानतळासारखं आधुनिक टर्मिनल बांधा. शहरातली गर्दी हटेल, प्रवाशांनाही चांगली सोय मिळेल. हे म्हणणारी माणसं माझ्या शेजारची आहेत, शहाणी आहेत, आणि त्यांना नागपूरचं भलंच हवं आहे. तरीही हे मत साफ चुकीचं आहे. ते उद्या अमलात आलं तर त्याची किंमत धरमपेठेला मोजावी लागणार नाही. ती कुही, भिवापूर, नरखेड आणि पारशिवनीतल्या माणसाच्या खिशातून जाईल.

नकाशापासून सुरुवात करू. नागपूर हे एका रस्त्याच्या टोकावरचं गाव नाही. अमरावती, वर्धा, उमरेड, भंडारा, जबलपूर, सावनेर-छिंदवाडा, काटोल आणि हिंगणा अशा सगळ्या बाजूंनी रस्ते इथे येऊन मिळतात. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. अशा शहराचं टर्मिनल बाहेर नेताना आधी सांगावं लागेल की कोणत्या बाहेर. वर्धा रोडवर नेलं तर भंडाऱ्याहून आणि सावनेरहून येणाऱ्या गाडीला अख्खं शहर ओलांडावं लागेल. भंडारा रोडवर नेलं तर अमरावतीची गाडी तेच करील. म्हणजे ज्या गर्दीसाठी हा खटाटोप, ती तशीच राहील आणि फेरा तेवढा वाढेल.

यावर उत्तर मिळतं की दिशेगणिक वेगवेगळी टर्मिनल्स बांधू. ऐकायला बरं वाटतं. पण गोंदियाहून निघून अमरावतीला जाणाऱ्या बाईला आज गणेशपेठला एका फलाटावरून उतरून दुसऱ्या फलाटावर जायचं असतं. उद्या तिला पिशव्या आणि पोर घेऊन पारडीच्या बाजूने वाडीच्या बाजूला, शहराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावं लागेल. विदर्भातले कितीतरी प्रवास नागपुरात गाडी बदलूनच पुरे होतात. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत सहज जाता येणं हे टर्मिनलचं पहिलं काम आहे. तेच तोडलं तर उरतात ते चार सुंदर थांबे.

आता गर्दीचा हिशेब. एसटीच्या साध्या गाडीत साधारण 44 आसनं असतात. ती गाडी रिंगरोडवर रिकामी केली, तर हे 44 जण तिथेच राहणार नाहीत. त्यांना सीताबर्डीत, धंतोलीच्या दवाखान्यात, मेडिकल आणि मेयो रुग्णालयांत, कोर्टात, जिल्हाधिकारी कार्यालयात, शंकरनगरच्या कॉलेजात यायचंच आहे. नियमाप्रमाणे तीन-तीन माणसं बसवली तर एका गाडीमागे 15 ऑटो शहरात शिरतील. एक बस रस्त्याची अकरा-बारा मीटर लांबी व्यापते; 15 ऑटो एकामागे एक लावले तर त्याच्या तिपटीहून जास्त जागा लागते. धूर, हॉर्न आणि सिग्नलवरची रांग याच प्रमाणात वाढेल. बसला गर्दीचं कारण समजणाऱ्यांनी हा साधा भागाकार एकदा करून पाहावा. शहराच्या मध्यापर्यंत येणारी भरलेली बस ही गर्दी कमी करणारी वस्तू आहे.

आणि धरमपेठेचा स्वतःचा अनुभव काय सांगतो? अमरावतीकडे जाणारी गाडी आपल्याला रविनगरला मिळते. घरापासून पाच-दहा मिनिटांवर, हातात पिशवी घेऊन पायी जाता येतं. स्टँड शहराबाहेर न्या म्हणणारे कितीतरी जण अमरावतीला, अकोल्याला रविनगरहूनच जातात. गाडी शहराच्या पोटातून निघते म्हणून ती रविनगरवरून जाते. टर्मिनल कुठे तरी आऊटर रिंगरोडला गेलं, की ती गाडी आपल्या दारावरूनही जाणार नाही. आपण वापरत असलेली सोय आपल्याला दिसेनाशी झाली आहे, इतकंच.

विमानतळाचा दाखला देणाऱ्यांना मला विचारायचं आहे की सोनेगावचा विमानतळ कुठे आहे? शहरात आहे. धरमपेठेतून अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचता येतं, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण ते कौतुकाने सांगतो. रेल्वेचंही तसंच. 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधान नागपुरात आले होते. त्या एका दिवसात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचा सोहळा झाला, बिलासपूरच्या वंदे भारतला हिरवा झेंडा मिळाला आणि नागपूर व अजनी या दोन रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. या दोन्ही स्थानकांचा कायापालट जागच्या जागी होतो आहे. रेल्वे स्टेशन गर्दीत आहे म्हणून ते बुटीबोरीला न्या, असं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणायलाही नको. मग शहराबाहेर जाण्याचा सल्ला फक्त एसटीच्या वाट्याला का येतो? त्या दिवसाच्या मोठ्या यादीत एसटीच्या स्थानकाचं नाव नव्हतं, याचंही कोणाला काही वाटलं नाही. विमानाने, रेल्वेने आणि समृद्धीवरून मोटारीने जाणाऱ्यांचा वेळ मोलाचा, आणि उमरेडहून येणाऱ्याचा वेळ फुकटचा, असा हिशेब यामागे आहे. तो बोलून दाखवला जात नाही, पण तो आहे.

आधुनिक टर्मिनल म्हटलं की हटकून बडोद्याचं नाव निघतं. गुजरातच्या परिवहन महामंडळाने खासगी भागीदारीतून 2014 साली बडोद्याचं मध्यवर्ती स्थानक नवं केलं. चकचकीत फरशी, दुकानं, सिनेमागृह, फलाटांची नीट मांडणी, सगळं आहे आणि ते चांगलंच आहे. पण त्याचा पत्ता पाहा. ते सयाजीगंजात, रेल्वे स्टेशनच्या शेजारी उभं आहे. रेल्वेतून उतरलेला माणूस चालत बसपर्यंत पोहोचतो. बडोद्याचं उदाहरण देणाऱ्यांनी फरशी पाहिली आणि पत्ता विसरले.

बाहेर नेलेल्या टर्मिनलचं उदाहरणही देशात आहे, ते चेन्नईचं. 2002 सालचं कोयंबेडू अपुरं पडतं म्हणून दक्षिणेकडच्या गाड्यांसाठी वंडलूरजवळ किलांबाक्कम इथे प्रचंड टर्मिनल बांधलं गेलं, आणि 30 डिसेंबर 2023 ला ते सुरू झालं. इमारत भव्य आहे. पण तिथवर मेट्रो नव्हती, शेजारी उपनगरी रेल्वेचं स्थानकही उद्घाटनाच्या वेळी तयार नव्हतं. पोंगलच्या तोंडावर शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या माणसांना शहरात शिरण्यासाठी पुन्हा एक वेगळा प्रवास करावा लागला. खासगी बसवाल्यांना तिथूनच गाड्या सोडायला सांगितल्यावर वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. चेन्नईसारख्या लोकल रेल्वे, मेट्रो आणि भरपूर शहर बस असलेल्या महानगराची ही गत झाली. आपल्या शहर बसची अवस्था काय आहे हे नागपूरकराला सांगायला नको.

यापुढे जो युक्तिवाद येतो तो मला सर्वांत जास्त खटकतो. आता एसटीने जातं कोण, सगळे ट्रॅव्हल्सने जातात, असं म्हटलं जातं. पुण्याला आणि मुंबईला रात्रीचा प्रवास करणाऱ्यांबाबत ते बरंचसं खरं आहे. धरमपेठेतली मुलं पुण्यात नोकरीला असतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर तोच प्रवास असतो. पण कुहीला कोणती स्लीपर कोच जाते? नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019 च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं उमरेड-भिवापूरच्या माणसाचा मुख्य आधार एसटीच राहिली. 75 वर्षांवरच्या वृद्धांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत आहे. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे. विद्यार्थ्यांना पास आहे, दिव्यांगांना, कॅन्सरच्या आणि सिकलसेलच्या रुग्णांना सवलत आहे. सिकलसेल हा आपल्या पूर्व विदर्भाच्या घराघरातला आजार. या सवलती कोणत्याही ट्रॅव्हल्समध्ये मिळत नाहीत.

आता कल्पना करा, भिवापूरची बाई अर्ध्या तिकिटात निघाली आणि शहराच्या कडेला उतरवली गेली. तिथून मेडिकलपर्यंत ऑटोवाला जे मागेल ते तिला द्यावं लागेल. सरकारने तिकिटात दिलेली सवलत शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये तिच्याकडून काढून घेतली जाईल. रोज शंकरनगरला किंवा विद्यापीठाच्या परिसरात शिकायला येणाऱ्या काटोलच्या मुलीचं तर शिक्षणच या दहा किलोमीटरवर अडू शकतं. तिचा बाप पासचे पैसे भरतो, रोजच्या ऑटोचे भरू शकत नाही.

एसटी आपोआप आटत जाऊ द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या शेजाऱ्याकडे पाहावं. मध्य प्रदेशाने 2005 साली आपलं राज्य परिवहन महामंडळ गुंडाळायचं ठरवलं. वीस वर्षांनी, 2025 मध्ये, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने सार्वजनिक बससेवा पुन्हा उभी करण्याच्या योजनेला मंजुरी दिली. मधल्या वीस वर्षांत छिंदवाडा-बैतूलच्या खेड्यांतल्या माणसांनी काय भोगलं ते सीमेवरच्या सावनेर-नरखेडच्या लोकांना विचारा. नागपूरची प्रांतिक बससेवा 1956 नंतर मुंबई राज्याच्या एसटीत सामील झाली, म्हणून आपण त्या वाटेने गेलो नाही.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. शहरातली जागा अपुरी आहे, असं ते म्हणतात. जागा कशाने अपुरी पडते ते बघू. टर्मिनल आणि आगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगारात गाड्या धुतल्या जातात, डिझेल भरलं जातं, टायर बदलतात, रात्रीच्या मुक्कामी गाड्या उभ्या राहतात. टर्मिनलमध्ये गाडी येते, माणसं उतरतात-चढतात आणि गाडी निघते. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकाच आवारात कोंबलेली आहेत. समजा 20 फलाट आहेत. प्रत्येक गाडी फलाटावर 40 मिनिटं उभी राहिली तर तासाला 30 गाड्या सुटतील. तीच गाडी 15 मिनिटांत हलली तर त्याच 20 फलाटांवरून तासाला 80 गाड्या सुटतील. एक इंचही जमीन न वाढवता क्षमता अडीच पटीहून अधिक होते. शहराबाहेर न्यायचंच असेल तर आगार न्या, वर्कशॉप न्या, मुक्कामाच्या गाड्या न्या. घाट रोड, इमामवाडा आणि वर्धमाननगरला एसटीची आगारं आहेतच; त्यांचा आणि बाहेरच्या एखाद्या मोठ्या आगाराचा वापर करून गणेशपेठचं आवार मोकळं करता येईल. चालक-वाहकांची विश्रांतिगृहं मात्र टर्मिनलजवळच हवीत. थकलेल्या चालकाला झोपायला दूर पाठवणं हे प्रवाशाच्याच जिवाशी खेळणं आहे.

उभ्या, रिकाम्या गाड्या प्रवाशांच्या आवारातून हटवण्याचं आणखी एक कारण आहे. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या एका शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. या घटनेचा दाखला देऊन जुनी स्थानकं बंदच करा असं म्हणणारेही भेटले. स्वारगेटला काय नव्हतं? रिकाम्या गाडीला कुलूप नव्हतं, अंधाऱ्या कोपऱ्यावर नजर नव्हती, पहाटेच्या प्रवासी बाईला अधिकृत माहिती देणारं माणूस तिच्यासमोर नव्हतं. इमारत नवी असती आणि हे तिन्ही नसतं, तर काय फरक पडला असता? आणि शहराच्या कडेला पहाटे चारला एकट्या बाईला उतरवून पुढे ऑटोवर सोपवणं हे जास्त सुरक्षित आहे, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आधुनिक टर्मिनल मलाही हवं आहे. मनापासून हवं आहे. माझी मोजपट्टी एवढीच आहे: फलाटावरचा बोर्ड खरं बोलला पाहिजे. गाडी उशिरा आहे तर किती उशिरा, कोणत्या फलाटावर, हे मराठीत आणि हिंदीत दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे. गाड्यांचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रं एसटीने बसवायला घेतली त्याला वर्षं झाली. ती माहिती स्थानकातल्या म्हातारीपर्यंत पोहोचली पाहिजे, स्मार्टफोनवाल्यापुरती राहता कामा नये. बायकांचं स्वच्छतागृह पहाटे चारला उघडं, उजेडातलं आणि पाणी असलेलं हवं. हिरकणी कक्षाचं दार कुलपाशिवाय हवं. व्हीलचेअर फलाटापर्यंत जावी आणि तिथून गाडीतही चढवता यावी. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांना पत्र्याच्या शेडखाली बसवणं थांबलं पाहिजे. यातलं काहीही करायला शहराबाहेर जावं लागत नाही.

मोर भवनबद्दल एक आक्षेप पुराचा आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नागनदी रस्त्यांवर आली आणि मोर भवनच्या आवारात बसगाड्या पाण्यात बुडाल्या. ते खरं आहे. पण त्याच पाण्याने अंबाझरी लेआऊट आणि कॉर्पोरेशन कॉलनीतली घरंही भरली होती, आणि ती वस्ती उठवा असं आपण म्हटलं नाही. नदीचं पात्र मोकळं करा, तलावाचा सांडवा सुधारा, असं म्हटलं. मोर भवनलाही तोच न्याय लावा. जोतं उंच करा, आणि कृपा करून तिथे तळघरात पार्किंग खोदू नका. या जागेसारखी जागा पुन्हा मिळणार नाही. झांशी राणी चौकाचं मेट्रो स्टेशन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 2020 च्या जानेवारीत सुरू झालेल्या अ‍ॅक्वा मार्गावर शंकरनगरहून निघालं की दुसरं स्टेशन तेच, आणि त्याच्या पुढचं सीताबर्डीचं, जिथे खापरीकडून येणारी ऑरेंज लाइन मिळते. जिल्ह्यातल्या जवळच्या गाड्या मोर भवनला, लांबच्या गाड्या गणेशपेठला, आणि दोन्हींच्या मध्ये एकाच तिकिटात दर काही मिनिटांनी धावणारी छोटी बस, एवढं केलं तरी अर्धं शहर आपापल्या गाड्या घरी ठेवून निघेल. गणेशपेठला कॉटन मार्केटचं मेट्रो स्टेशन त्यातल्या त्यात जवळ आहे. तिथून स्टँडपर्यंत सावलीची, सलग, अतिक्रमण नसलेली पायवाट बांधायला किती कोटी लागतात?

खासगी ट्रॅव्हल्सचा प्रश्न याच टर्मिनलशी जोडलेला आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये वाहतूक पोलिसांनी इनर रिंगरोडच्या आत ट्रॅव्हल्सना थांबायला आणि प्रवासी घ्यायला मनाई केली. रस्त्यावर स्लीपर कोच उभ्या करून चौक अडवणं चूकच होतं. पण त्या गाड्या कुठे उभ्या राहाव्यात याची छत, पाणी आणि उजेड असलेली जागा आधी तयार नव्हती, म्हणून भुर्दंड प्रवाशाने सोसला. मोटार वाहन कायद्याच्या 117 व्या कलमाखाली गाड्यांचे थांबे आणि तळ ठरवण्याचा अधिकार शासनाला आहे. तो वापरून खासगी गाड्यांनाही, भाडं घेऊन आणि वेळ ठरवून, टर्मिनलमध्ये वेगळ्या दाराने आत घ्या. यात एसटीला उत्पन्न आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाडी एका दारातून सुटू लागली की तिची तपासणी करता येते. 1 जुलै 2023 च्या पहाटे, नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ अपघात झाला आणि 25 माणसं जळून गेली. टर्मिनल असतं तर ती वाचली असती असा दावा मी करणार नाही. पण आपत्कालीन दार उघडतं का, चालकाची झोप झाली आहे का, आत बसलेल्यांची नावं कोणाकडे आहेत का, हे सुटण्यापूर्वी विचारणारा माणूस भररस्त्यावरच्या थांब्यावर उभा करता येत नाही.

राहिला पैसा. एसटीकडे पैसा नाही, म्हणून जमिनी विकासकांना देऊन त्यांच्याकडून स्थानकं बांधून घ्यायची, हे धोरण 2016 पासून बसपोर्टच्या नावाने चालू आहे. त्या पहिल्या यादीत मोर भवनही होतं. आता भाडेपट्ट्याची मुदत 98 वर्षांपर्यंत नेली आहे. दुकानांच्या भाड्यातून एसटी जगत असेल तर माझी हरकत नाही. मात्र गणेशपेठ आणि बर्डीतल्या जमिनीची किंमत पाहता, स्टँड बाहेर गेला की मागे उरलेल्या जागेवर प्रवाशाचा हक्क राहील, हे मला पटत नाही. पुण्याचा शिवाजीनगर स्टँड मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या शेवटच्या दिवशी वाकडेवाडीला हलवला गेला, तात्पुरता म्हणून. जमिनीखालची मेट्रो 2023 च्या ऑगस्टमध्ये धावू लागली. त्यानंतरही एसटी वाकडेवाडीतच राहिली. पनवेलचा बसपोर्ट तर वर्षानुवर्षं रखडला.

म्हणून नागपुरात निविदा निघण्याआधी काही गोष्टी करारात लिहून घ्या. तळमजला संपूर्ण प्रवाशांचा राहील. प्रवाशांचा भाग आधी सुरू होईल, दुकानांना परवानगी त्यानंतर मिळेल. काम चालू असताना पर्यायी फलाट गणेशपेठ-बर्डीच्या परिसरातच असतील, आणि ते चालू झाल्याशिवाय जुना एकही फलाट पाडला जाणार नाही. परतीची तारीख छापलेली असेल, आणि ती चुकली तर विकासकाने महामंडळाला दर दिवसाचा दंड भरायचा. धरमपेठेतल्या ज्या मंडळींची मंत्रालयात आणि महापालिकेत ऊठबस आहे, त्यांनी आपलं वजन या चार अटींसाठी खर्च करावं.